झऱ्याकाठच्या कांड्या

पॉलिशकाकूंना कुठेही न्या, त्या आधी लाकडाला हात लावणार. बँकेतलं बाकडं असो, दवाखान्याचं दार असो, नाहीतर कोणाच्या घरचं नवंकोरं टेबल असो, बोलता बोलता त्यांची बोटं कडेवरून फिरून येणार आणि चेहऱ्यावर निकाल उमटणार. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेल्या तेव्हा सोफ्याच्या हातावरून असाच हात फिरवून त्या "घाईत उरकलंय" म्हणाल्या होत्या. विहीणबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

त्यांचं कामच तसं होतं. झाडांवरून जुन्या काळचं हवामान शोधून काढणारी एक संस्था होती आणि तिच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत काकू ऐन तरुणपणापासून लाकूड घासत होत्या. घासायचं म्हणजे टेबलखुर्च्या नव्हेत. डोंगरातल्या जुन्या झाडाला पोकळ गिरमिट लावून गाभ्यापर्यंत न्यायचं आणि त्याच्या पोटातून लाकडाची लांब कांडी बाहेर काढायची, पेन्सिलीपेक्षाही बारीक. झाडाला फारसं काही होत नाही, राळेने ते आपली जखम आपणच बुजवतं. त्या कांडीवर सालीपासून गाभ्यापर्यंत दर वर्षाचं एकेक वलय रेघेसारखं उमटलेलं असतं. पाऊस बरा झाला त्या वर्षीचं रुंद, पावसाने तोंड फिरवलं त्या वर्षीचं चिंचोळं. पण हे दिसायचं तर कांडी काचेसारखी गुळगुळीत व्हायला हवी. त्याआधी ती नुसती काडी. म्हणून खरबरीत पॉलिशपेपरपासून सुरुवात करायची, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक, आणि शेवटी जुन्या सुती फडक्याने हलकासा हात. काम रंगात आलं की खोलीत राळेचा वास सुटायचा. तीन-चारशे वर्षं लाकडात कोंडलेला वास काकूंच्या नाकात पहिल्यांदा मोकळा व्हायचा, आणि त्या शिंकायच्या.

कांड्या आणायचे काकूंचे यजमान. सगळी संस्था त्यांना गिरमिटकाका म्हणायची. बोलायला लागले की समोरच्याला पळता भुई थोडी करणारा हा माणूस झाडापुढे मात्र गप्प व्हायचा. खोडाला कान लावून गिरमिट फिरवायचा, आत लाकूड कुजकं लागलं की नुसत्या कुरकुरीवरून थांबायचा, आणि कांडी निघाली की सुई टोचून झाल्यावर डॉक्टर थोपटतात तसं खोडाला थोपटून "झालं हं, झालं" म्हणायचा. काकूंनी हे कधी पाहिलं नव्हतं. बरोबर जाणारे संशोधक येऊन सांगायचे तेव्हा त्या म्हणायच्या, "झाडांचं नशीब थोर. घरी कधी कोणाला थोपटलेलं मी पाहिलं नाही." हे साफ खोटं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कांडी सुकली की वळते आणि वळली की मोडते. म्हणून काढल्या काढल्या ती लाकडी पट्टीच्या खोबणीत सरसाने बसवून टाकायची. बाकीचे लोक सरस धरेपर्यंत वरून दोरा गुंडाळून ठेवत. काकांचा दोऱ्यावर विश्वास नव्हता. ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबत जायचे, आणि सरसाच्या बाबतीत हात सढळ असल्यामुळे कांडीच्या दोन्ही अंगांना त्यांच्या अंगठ्याचे ठसे वाळून बसायचे. संस्थेच्या मॅडम, तेव्हा त्या नव्या होत्या, करवादायच्या, "काका, कांडी चिकटवताय की भिंत लिंपताय?" मग ती पट्टी खाली यायची आणि काकू पहिल्याच हातात ते ठसे उडवायच्या. "आमचे हे अंगठेबहाद्दर," त्या म्हणायच्या. "सकाळपासून नवऱ्याचे अंगठे पुसतेय." असे किती अंगठे त्यांच्या हाताखालून धुळीत गेले असतील, ते मोजायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

अंगठ्याचं जाऊ द्या, बसवण्यातली खरी मेख वेगळीच होती. कांडी गोल, त्यामुळे खोबणीत ती कशीही फिरून बसते. पण लाकडाच्या शिरा खोबणीत उभ्या राहायला हव्यात. आडव्या पडल्या तर तुम्ही जन्मभर घासा, वलयं धुरकटच दिसणार. काका कांडी उजेडात धरून बोटांत फिरवायचे. एका अंगाने ती चमकते, दुसऱ्या अंगाने मंद दिसते, त्यावरून शिरा कुठे आहेत ते कळतं. ह्या बाबतीत त्यांचा हात कधी चुकला नाही. सरसाचा गचाळपणा मॅडम पोटात घालायच्या त्या ह्याच गुणामुळे.

डोंगरात खूप वर एक झरा होता. त्याच्या काठची झाडं संस्थेला माहीत असलेल्या झाडांत सगळ्यात म्हातारी, पण त्यांना गिरमिट लावायची परवानगी वनखातं देत नव्हतं. काकांचा तिथे फार जीव. तिथलं पाणी किती गार, तिथे वारा पडला की कसं कानात दडे बसल्यासारखं वाटतं, हे काकूंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की आपण तिथे जाऊन आलोय असं त्या कधीकधी चुकून बोलायच्या. "पुढच्या खेपेला तुला नेतो," काका म्हणायचे. पुढच्या खेपेला लेकीची परीक्षा असायची, त्याच्या पुढच्या खेपेला काकूंचे गुडघे. मग एका वर्षी ती परवानगी मिळाली आणि, नुकता उन्हाळा लागत असताना, त्या झऱ्याकाठीच काकांना ताप भरला. वनखात्याच्या चौकीत ते दोन दिवस पडून होते. चौकीदाराने माणसं जमवून खाली आणायला घेतलं, आणि वाटेतच ते गेले.

त्यांच्या सामानात एक कापडी बोचकं आलं. आत पट्ट्यांवर बसवलेल्या कांड्या होत्या, झऱ्याकाठच्या झाडांच्या. खरं तर ती संस्थेची वस्तू. काकूंनी ती नेऊन दिली नाही आणि कोणी मागितलीही नाही. दिवस झाले, महिने झाले, वर्षं झाली. काकू पुन्हा कामावर बसल्या, दुसऱ्यांच्या कांड्या घासू लागल्या, दोरा गुंडाळलेल्या, बिनठशांच्या, स्वच्छ. घरी मात्र लोकरी कपड्यांच्या खाली ते बोचकं होतं. एखाद्या रविवारी दुपारी, घरात कोणी नसताना, काकू ते मांडीवर घेऊन सोडायच्या आणि वाळलेल्या सरसातल्या एकेका ठशावर आपला अंगठा टेकवत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. कधी दोन शब्द बोलायच्या. नळ गळतोय, जावयाचं नाक वर आहे, असं काहीबाही. साठीच्या घरात आलेल्या बाईने असं करावं ह्याची त्यांना लाज वाटायची, आणि तरी त्या करायच्या. सगळे अंगठे आपण पुसले, एवढेच तेवढे राहिलेत, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका सकाळी मॅडम खाली आल्या आणि दारात उभं राहून म्हणाल्या, "काकू, बसू का?"

ज्या बाईने आयुष्यात परवानगी म्हणून कधी मागितली नाही तिने बसू का विचारावं, ह्यावरूनच काकूंनी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय. त्यांनी स्टुलावरची धूळ फडक्याने पुसली.

मॅडम महिन्याअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांनी सगळी हयात घालून ह्या मुलखाच्या पावसाचा एक लांबलचक आलेख जुळवत आणला होता. जिवंत झाडांची वलयं जिथे संपतात तिथे जुन्या इमारतींच्या, जुन्या पुलांच्या तुळयांतली वलयं जुळवायची. रुंद-चिंचोळ्याचा क्रम जुळला की तुळई किती मागची ते कळतं, आणि आलेख आणखी मागे जातो. सगळं जुळलं होतं. फक्त एका जागी सांधा बसत नव्हता.

"एक वर्ष कमी पडतंय," मॅडम म्हणाल्या. "अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या दुष्काळात. तुळयांमध्ये दुष्काळाची चार वलयं आहेत, आपल्या झाडांत तीनच. कोणीतरी एक खोटं बोलतंय."

"झाडं कशाला खोटं बोलतील?"

"खोटं नाही हो. उपाशी होती. इतका कोरडा काळ की वलय धरायलाच अंगात काही उरलं नसेल, ते वर्ष तसंच गेलं असेल. असं होतं कधीकधी. पण हे नुसतं माझं म्हणणं झालं. त्या वर्षीही ज्याला पाणी मिळालं असं झाड साक्षीला हवं."

काकूंना पुढचं कळलं. त्यांनी पॉलिशपेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मग माणसं पाठवा ना वर. झाडं तिथेच आहेत."

"काकू, मागच्या उन्हाळ्यात तो डोंगर पेटला होता. तुम्ही ऐकलं असेल."

"ऐकलं होतं. पण झरा..."

"झरा आहे. झाडं राहिली नाहीत."

खोलीतला धूळ ओढणारा पंखा फिरत होता. काकूंनी उठून तो बंद केला आणि तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पुढच्या खेपेला नेतो म्हणालेली जागा आता नव्हतीच. न्यायचं राहिलं ते राहिलंच.

"मी मागत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "नऊ वर्षांत मागितलं नाही, आताही मागणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर त्या जागी मी प्रश्नचिन्ह घालीन आणि घरी जाईन. फक्त तुम्हाला माहीत असावं."

ह्याचाच काकूंना राग आला. मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हणता येतं. न मागणाऱ्याचं काय करायचं? त्या दिवशी त्यांनी एका बिचाऱ्या कांडीला इतकं घासलं की ती पट्टीच्या पातळीखाली गेली.

रविवारी दुपारी त्यांनी बोचकं काढलं. देऊन टाकायचं असं ठरलं नव्हतं. पण समजा द्यायचंच झालं तर काम किती निघेल, एवढं पाहून ठेवायला काय हरकत आहे, असं मनाला सांगून त्यांनी चष्मा लावला आणि एक पट्टी खिडकीपाशी नेली. नऊ वर्षांत त्यांनी त्या पट्टीवरचे ठसे पाहिले होते, कांडी पाहिली नव्हती. आता कामाच्या नजरेने पाहिली आणि कपाळाला आठी पडली. त्यांनी दुसरी पट्टी उचलली, मग तिसरी. सगळ्यांच्या शिरा आडव्या होत्या. एकूण एक कांडी चुकीची बसली होती.

आधी त्यांच्या मनात आलं: इतके आजारी होते का हे, की हातातली कांडी कशी बसतेय तेही कळू नये? मग हळूहळू दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. तापात माणूस एखादी चुकवील, दोन चुकवील. सगळ्या चुकवायला माणसाला ते कधी माहीतच नसावं लागतं.

चौकीदाराचा नंबर लेकीने कधीतरी फोनमध्ये घालून ठेवला होता. त्याला आवाज ओळखायला वेळ लागला. मग म्हणाला, "वहिनी? एवढ्या वर्षांनी? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. एक विचारायचं होतं. त्या कांड्या पट्टीवर कोणी बसवल्या?"

"मीच की. का हो, काही बिघडलं का? दादांना उठवत नव्हतं. पण जीव सगळा त्या काड्यांत. सुकतील, मोडतील, लाव म्हणाले. ते पडल्या पडल्या सांगत होते, मी लावत होतो. उजेडात फिरवून बघ, चमकतेय का बघ, म्हणायचे. मला काय कळतंय त्यातलं? मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. आणि बोटांना एवढा सरस लागलेला, की एक बसवायला जावं तर दुसरी उचलून यायची."

"दाबल्या कशाने?"

"अंगठ्याने. ते म्हणाले तसंच."

काकूंनी पट्टीवरचा आपला अंगठा उचलला. चौकीदाराला वाटलं फोन तुटला. तो जरा मोठ्याने म्हणाला, "वाकड्या बसल्या का वहिनी? मी तेव्हाच म्हटलं होतं, दादा, माझ्याने नीट होत नाहीये. तर म्हणाले, बसू दे वाकड्या. घरी आहे ती. ती सरळ करून घेईल."

फोन ठेवल्यावर काकू त्या पट्ट्या समोर घेऊन बसल्या, आणि त्यांना आधी हसू आलं. नऊ वर्षं आपण परक्या माणसाचा अंगठा धरून बसलो होतो. त्याला नळ गळतोय म्हणून सांगितलं, जावयाची चुगली केली. कुठे त्या चौकीत बसलेला तो बिचारा चौकीदार, त्याला उचक्या लागून जीव नकोसा झाला असेल. त्या हसत राहिल्या, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांना तो माणूस हवा होता. फार नको होता, अंगठ्याएवढा पुरला असता. तेवढाही घरात नव्हता. होता तो सगळा त्यांनी आपल्या हाताने घासून, झाडून, केराबरोबर बाहेर टाकला होता, रोज, हसत हसत, पगार घेऊन. भरल्या घरात एवढी रिकामी दुपार त्यांना ते गेल्यावरही आली नव्हती.

रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं. ती सरळ करून घेईल, ह्या शब्दांपाशी त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. म्हणजे जाताना ह्यांनी आठवण म्हणून काही ठेवलंच नव्हतं. काम ठेवलं होतं. ते आपलं नेहमीसारखं पाठवून दिलं होतं, खाली गेलं की ती बघेल, ह्या भरवशावर. आणि आपण ते काम नऊ वर्षं गरम कपड्यांखाली दडवून ठेवलं. त्यांना काकांचा राग आला, निरोप नऊ वर्षं पोटात ठेवणाऱ्या चौकीदाराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

सोमवारी त्यांनी बोचकं मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "शिरा आडव्या बसल्यात," त्या म्हणाल्या. "वाफेवर सोडवून परत बसवाव्या लागतील. घाई केलीत तर मोडतील, तेव्हा वरून कोणाला खाली पाठवू नका. आणि तुम्हीही येऊ नका." मॅडमनी मान हलवली. आभार मानायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी शहाणपणाने मिटलं.

किटलीच्या वाफेवर सरस हळूहळू मऊ झाला, सुटला, आणि चौकीदाराचे ठसे पाण्याबरोबर निघून गेले. काकूंना त्याचं काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही ह्याचंच थोडं वाटलं. एकेक कांडी त्यांनी उजेडात धरून फिरवली, चमक बघितली, सरळ केली, बसवली, वरून दोरा गुंडाळला. दोन कांड्या मोडल्या, त्यांचे तुकडे त्यांनी जागच्या जागी जोडले. मग पॉलिशपेपर घेतला. झऱ्याकाठच्या लाकडाचा वास इतर झाडांपेक्षा गोडसर निघाला. इतकं सांगायचे हे, आणि वासाचं कधी बोलले नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

काम झालं तेव्हा त्या स्वतः पट्टी घेऊन वर गेल्या. मॅडमनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि उठून खुर्ची काकूंना दिली. खालचं चाक फिरवलं की पट्टी नजरेखालून सरकायची. मोजणी नेहमी सालीकडून सुरू होते, कारण तेवढं एकच वर्ष पक्कं माहीत असतं, ज्या वर्षी कांडी काढली ते. तिथून एकेक करत मागे जायचं.

"बाहेरचं वर्ष?" मॅडमनी पेन्सिल उचलत विचारलं. रोजचा प्रश्न, सवयीने तोंडातून गेला, आणि गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

काकूंनी वर्ष सांगितलं. काका गेल्यापासून ते वर्ष त्यांनी कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. "हे गेले तेव्हा" एवढंच म्हणायच्या. सालीला लागून त्या वर्षीचं वलय होतं, अर्धंच. झाडाने उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकलेलं फिकट लाकूड तेवढं होतं, वर्ष संपताना येणारी गडद कड यायची होती. तेव्हा हे तिथे उभे होते, खोडाला कान लावून.

ते दुष्काळाचं वलय त्याच दुपारी सापडलं. केसासारखं बारीक, पण होतं, आणि मॅडमचा आलेख जुळला. ती मॅडमची गोष्ट. काकू सालीपाशीच अडकल्या होत्या. अर्ध्या वलयाच्या आतलं वलय लेकीच्या लग्नाच्या वर्षीचं. त्याच्या आतलं, काकांचा पाय मुरगळून ते महिनाभर घरी होते त्या वर्षीचं, रुंद, पावसाचं. मग एक चिंचोळं, नळाला पाणी नव्हतं तेव्हाचं; दोघं बादल्या घेऊन जिना चढायचे आणि दर मजल्यावर भांडायचे. मग लेक जन्मली ते. मग लग्न. मग ते, ज्या वर्षी काकूंच्या वडिलांच्या पॉलिशच्या दुकानात एक बडबड्या माणूस कांड्या घासून घ्यायला आला, आणि वडिलांना खोकला होता म्हणून काकूंनी त्या घासून दिल्या. त्याच्या आत झाड आणखी शेकडो वर्षं होतं, पण त्यात ओळखीचं कोणी नव्हतं. सगळा संसार नखाएवढ्या जागेत मावला होता.

"काकू," बऱ्याच वेळाने मॅडम हळूच म्हणाल्या, "पुढे सरकवू या का?"

"सरकवू या ना," काकू म्हणाल्या, पण चाकावरचा हात काही त्यांनी हलवला नाही.